तोंड न धुता

आमच्या सरांना माणूस चेहऱ्यावरून आठवत नसे, दातांवरून आठवे. कॉलेज सोडून पाच-सहा वर्षं झालेला एखादा विद्यार्थी रेवदंड्याच्या बाजारात भेटला आणि पाया पडला, की सर गोंधळून त्याच्याकडे बघत राहत. तो बिचारा नाव सांगे, वर्ष सांगे, कुठल्या कंपनीत लागलाय तेही सांगे. सरांच्या चेहऱ्यावर ओळख म्हणून दिसत नसे. शेवटी तो ओशाळून हसे, आणि हसला रे हसला की सर म्हणत, "अरे, तू होय. वरचा उजवा सुळा आडवा. खिडकीजवळ बसायचास. ती मागची दाढ भरलीस का?" मग मासळीच्या टोपल्यांशेजारी उभं राहून त्याला आ करावा लागे.

माझी त्यांची पहिली भेटही अशीच झाली. सूक्ष्मजीवशास्त्र मी आवडीनं घेतलं म्हणाल तर साफ खोटं. वनस्पतिशास्त्राच्या जागा भरल्या होत्या आणि घरी बसले असते तर आईनं सोयरीक बघायला सुरुवात केली असती, म्हणून घेतलं. पहिल्या दिवशी वर्गात हजेरी देताना मी "येस सर" म्हटलं, तर सर हजेरीपट बाजूला ठेवून माझ्यासमोर येऊन उभे. म्हणाले, "खालची डावी दाढ. किडलीय. आधी भरून ये, मग प्रॅक्टिकलला बस." अख्खा वर्ग हसला. मी घरी येऊन आईला सांगितलं की आमचा शिक्षक येडा आहे. आई म्हणाली, "दाढ किडलीय ना पण? मग येडा कसा?"

सरांचा एकच ध्यास होता. दात किडवणारे आणि हिरड्या सुजवणारे जे जीवाणू आपल्या तोंडात घर करून असतात, त्यांना आपल्या परसातलं कुठलं झाड आवरतं, ते शोधायचं. बकुळ, बाभूळ, करंज, पेरूची पानं, जांभळाची साल, जायफळाचं टरफल. कुणी म्हातारीनं सांगितलं की अमक्या पाल्यानं दाढदुखी थांबते, की दुसऱ्या दिवशी तो पाला आमच्या प्रयोगशाळेत वाळत पडलेला. त्याचा अर्क काढायचा, कागदाची शर्टाच्या बटणाएवढी चकती त्यात भिजवायची, वाळवायची आणि जीवाणू वाढवलेल्या काचेच्या बशीत मधोमध ठेवायची. अर्कात दम असेल तर चकतीभोवती जीवाणू वाढत नाहीत, तेवढी जागा स्वच्छ राहते. पुस्तकात त्याला मोठं नाव आहे. सर त्याला अंगण म्हणत. सकाळी आल्या आल्या विचारत, "काय गं, अंगण मिळालं का?" आणि जीवाणूंना म्हणत मंडळी. कुणी वर्गात चॉकलेट खाल्लं की म्हणत, "झालं, मंडळींची पंगत बसली."

या मंडळींना मोकळी हवा फारशी मानवत नाही. त्यासाठी लागणारं यंत्र आमच्या कॉलेजात नव्हतं, येण्याची आशाही नव्हती. सरांनी घरून काकूंची लोणच्याची मोठी बरणी आणली. आत बशा रचायच्या, वर एक मेणबत्ती पेटवायची आणि झाकण घट्ट लावायचं. मेणबत्ती प्राणवायू खाऊन विझते आणि मंडळी खुशीत वाढतात. काकू त्यांच्या पत्नी. त्यांनी एकदा बरणी परत मागितली, तर सर म्हणाले, "आता त्यात लोणचं घातलंस तर तुझी जबाबदारी." काकूंनी पुन्हा नाव काढलं नाही.

वीज गेली की खरी मजा. मंडळींना आपल्या अंगाएवढी ऊब लागते, आणि आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते ती दुपारची गेलेली संध्याकाळपर्यंत. अशा वेळी सर बशांना चिकटपट्टी लावत, टॉवेलात गुंडाळत आणि शर्टाच्या आत पोटाशी बांधत. वर स्वेटर. "सदतीस अंश, विजेवाचून," असं म्हणून पुढचा तास घ्यायला जात. आम्ही त्यांना फळ्याकडे वळताना बघायचो आणि पोट धरून हसायचो, कारण ते वाकायचेच नाहीत, सात महिन्यांच्या गरोदर बाईसारखे जपून चालायचे. आमच्यातल्या कुणीतरी त्यांचा तसा फोटो काढून ग्रुपवर टाकला. तो त्यांच्यापर्यंत पोचला तेव्हा ते फक्त एवढंच म्हणाले, "बशा उलट्या ठेवायला हव्या होत्या. झाकणावर दव धरतं."

झाडांशी मात्र फार अदबीनं वागत. चौलच्या वाड्यांमध्ये बकुळीची जुनी झाडं आहेत, तिथे ते साल आणायला जात, आणि मला पिशवी धरायला नेत. तळहाताएवढाच तुकडा काढायचा, तोही खोडाच्या एकाच बाजूनं, आणि जखमेवर ओली माती लिंपायची. लिंपताना ते पुटपुटत. मी एकदा विचारलं, मंत्र म्हणता का? तर म्हणाले, "मंत्र कसला, तारीख पाठ करतोय. वही विसरलो." पण वाडीच्या मालकानं लांबून पुटपुटणारा माणूस आणि माती लावलेलं झाड पाहिलं, आणि नारळ सोलायची पहार घेऊन धावत आला. करणी करायला आला म्हणाला. सरांनी पळून न जाता त्याला विचारलं, "तुमच्या हिरड्यांतून रक्त येतं का?" तो थबकला. येत होतं. पुढे तोच माणूस दर महिन्याला साल कॉलेजात आणून देऊ लागला.

त्यांचं एक बोलणं मला अजून रोज आठवतं. "आवडतं उत्तर आलं की आधी त्याचा कान पिळायचा." नावडतं उत्तर आलं तर माणूस आपोआप चार वेळा तपासतो, आवडतं आलं की पेढे आणतो, असं त्यांचं म्हणणं. अंगण मोठं मिळालं की ते खूष व्हायचे सोडून संशयानं बघत. चकती नीट वाळली नसेल, अर्क काढायला वापरलेल्या दारूचा अंश राहिला असेल, त्या दारूनंच मंडळी मेली असतील. मग नुसत्या दारूत भिजवलेली चकती शेजारी ठेवायची. त्याला कंट्रोल म्हणायचं. हा एक इंग्रजी शब्द त्यांनी कधी मराठीत आणला नाही. सगळ्या गोष्टीला कंट्रोल हवा. काकूंनी डाळीत नवा मसाला घातला तरी म्हणत, "बिनमसाल्याची वाटीभर बाजूला ठेवलीस का?"

तर अशा माणसाच्या आयुष्यात एकदा खरोखर मोठं अंगण आलं, आणि ते खोटं निघालं. आणि खोटं निघालं ते माझ्या आईमुळे.

मी शेवटच्या वर्षाला होते. सरांच्या निवृत्तीला चारेक महिने उरले होते. तीस वर्षं बशांमध्ये काम करून झाल्यावर त्यांना माणसांच्या तोंडात बघायचं होतं. बकुळीच्या सालीचा काढा रोज महिनाभर चूळ भरायला दिला तर तोंडातली मंडळी खरंच कमी होतात का? त्यासाठी गाव हवं होतं आणि ऐकणाऱ्या बायका हव्या होत्या. मी तोंडाळ, पटकन बोलून गेले, "आमच्या गावात या की सर."

आमचं गाव चौलपासून आत, भातशेतीचं. दोन आळ्या, वरची आणि खालची. आम्ही खालच्या आळीत. बायका सगळ्या मशेरी लावणाऱ्या. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि सकाळ-संध्याकाळ बोटानं दातांना घासायची. तिचा नाकात जाणारा उग्र खाट घरोघरी असतो. आमच्या आईचं तर मशेरीशिवाय डोकंच चालत नसे. सर घरी आले तेव्हा तिनं आधीच सांगून टाकलं, "मशेरी सोडा म्हनून सांगाया आला असाल तर च्या घ्या आनि जा." सर म्हणाले, "सोडा असं तर सांगेनच ताई, तोंडाला ती वाईटच. पण आज मोजायला आलोय." आईला हे आवडलं. मोजायला येणारा माणूस तिनं पहिल्यांदा बघितला होता.

बाटल्या आळीवार वाटायच्या असं ठरलं. एकाच आळीत दोन प्रकारच्या बाटल्या दिल्या तर बायका अदलाबदल करणार, हे सरांना पक्कं ठाऊक होतं. खालच्या आळीला बकुळीचा काढा आणि वरच्या आळीला नुसतं उकळलेलं पाणी, खायचा रंग घालून. वरच्या आळीतली चांगुणाआजी त्या रंगाच्या पाण्यावर इतकी खूष, की पंधरा दिवसांत म्हणाली, "माजा हालनारा दात थांबला बग." मी हसू दाबत सरांना सांगितलं. त्यांनी गंभीरपणे वहीत टिपून घेतलं.

नमुना घ्यायचा तो सकाळी, तोंड न धुता. तोंड धुतलं की मंडळी वाहून जातात, मग मोजणार काय? आधी एकदा घ्यायचा, मग महिनाभर काढा, मग पुन्हा घ्यायचा. पहिल्या वेळी आम्ही उजाडता उजाडता गेलो. मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, त्यामुळे बायका पारोशा तोंडानं आल्या. पण कशा आल्या ते काय सांगू. पदराआडून, माना खाली घालून, नव्या नवरीसारख्या. सर काडीवरचा कापूस दातांवरून फिरवत आणि प्रत्येकीला "आभारी आहे ताई" म्हणत. माझी आई सगळ्यात शेवटी आली. आ केला, नमुना दिला, आणि आत चुलीपाशी जाऊन बसली. मी गेले तर तिचे डोळे भरलेले. म्हणाली, "जलमात कुनासमोर असं तोंड उगडलं न्हवतं. तुज्या बापासमोरबी न्हाय. आनि तुज्या सरांसमोर उगडलं." मी म्हटलं, अगं, ते शास्त्र आहे. ती म्हणाली, "तुमचं आसंल."

महिन्यानं दुसरे नमुने घेतले. बायका या वेळी ताठ मानेनं आल्या, काही तर हसत होत्या. मला वाटलं, सवय झाली. मी प्रत्येकीला विचारलं, "तोंड धुतलं नाही ना?" प्रत्येकीनं "न्हाय गं बाय" म्हटलं आणि मी फॉर्मवर खूण केली.

ते नमुने बशांत वाढायला ठेवले आणि दोन दिवसांनी सरांनी बरणीचं झाकण काढलं. वरच्या आळीच्या बशा पहिल्यासारख्याच गच्च. खालच्या आळीच्या बशा बहुतेक रिकाम्या. कुठेतरी मंडळींचे पाच-सात ठिपके. सर एकेक बशी खिडकीच्या उजेडात धरून बघत होते. सगळ्या बघून झाल्यावर स्टुलावर बसले आणि चष्मा पुसत राहिले. मग त्यांनी त्या उत्तराचा कान पिळायला घेतला. बशा पुन्हा केल्या. कापूस तपासला, पाणी तपासलं, काढा नव्यानं उकळून पाहिला, बाटल्या चुकून बदलल्यात का ते दोनदा पाहिलं. काहीच सापडेना. शेवटी, मी त्यांना ओळखते त्या सगळ्या काळात पहिल्यांदा, त्यांनी पेढे आणले.

मुंबईला संशोधकांचं एक संमेलन होतं, तिथे निकाल कळवल्यावर निबंध वाचायला त्यांना बोलावणं आलं. तीस वर्षांत असं बोलावणं आलं नव्हतं. इतर सहकारी जायचे, हे परीक्षेचे पेपर तपासत बसायचे. आता निवृत्तीच्या तोंडावर आलं. सरांनी नवे बूट घेतले, काळे, लेसचे. ते चावू नयेत म्हणून प्रयोगशाळेतच घालून फिरत आणि चालताना करकर वाजत. काकूंनी मला फोन करून विचारलं की मुंबईला कोणता शर्ट बरा दिसेल. मी सांगितलं, निळा.

संमेलनाला आठ दिवस राहिले असताना मी घरी आईला हे सगळं सांगत होते. आपल्या आळीमुळे सर मुंबईला चाललेत म्हटलं. आई भाकऱ्या थापत होती. तोंड भरून हसली आणि म्हणाली, "जानारच. दुसऱ्या बारीला कशी लख्ख तोंडं दाखिवली का न्हाय आमी?"

मी विचारलं, म्हणजे?

म्हणजे असं, की आदल्या संध्याकाळी माझी आई खालच्या आळीत घरोघर फिरली होती. उद्या माझ्या पोरीचे सर येणार, घाण तोंडानं कुणी समोर यायचं न्हाय, असं तिनं बजावलं होतं. बायका पहाटे उठल्या, मशेरी लावली, वर मिठानं घासलं, ज्यांच्याकडे पेस्ट होती त्यांनी पेस्ट लावली, खळखळून चुळा भरल्या. आणि मी विचारल्यावर "न्हाय" म्हणाल्या, कारण मी तसं म्हणायला सांगितलंय अशी त्यांची समजूत. वरच्या आळीत आई गेली नव्हती. त्या आळीची अब्रू तिला सांभाळायची नव्हती.

मी आईवर अशी तडकले की शेजारची बाई कुंपणापाशी आली. काय बोलले ते आता लिहवत नाही. आईला वाईट वाटलं ते मी ओरडले म्हणून नव्हे. ती म्हणाली, "मानसासमोर तोंड धुऊन जानं हे चुकीचं कसं असंल?"

तीन दिवस मी सरांना काही बोलले नाही. रोज जायची, बशा धुवायची, बुटांची करकर ऐकायची. मनात हिशेब एकच. सांगितलं तर मुंबई गेली, निवृत्तीही आली, पुन्हा कुणी बोलावणार नाही. न सांगितलं तर कुणाला कळणार आहे? काढा काही विष नव्हता. चूळ भरून कुणी मरणार नव्हतं. असं स्वतःला समजावत होते आणि सरांनी "काय गं, बरं नाही का?" विचारलं की डोळे चुकवत होते. चौथ्या दिवशी सकाळी आईच म्हणाली, "त्यांला सांग जा. त्यो मानूस तुज्या फारमावरल्या खुनांवर इस्वास ठिवून मुंबईला चाललाय."

सांगितलं. वीज गेलेली होती, सर पोटाशी बशा बांधून खिडकीत उभे होते. मी रडत रडत, आईचं नाव घेऊन, सगळं सांगून टाकलं. बोलून झाल्यावर ते हळूच स्टुलावर बसले, बशांना धक्का लागू नये अशा बेतानं. मग म्हणाले, "ताईंचं बरोबर आहे. पाहुण्यासमोर तोंड धुऊनच यायचं असतं. चूक माझी. मी पाहुणा म्हणून गेलो." पुढे म्हणाले, "तीस वर्षं उत्तरांचे कान पिळले, आणि माणसांना विचारायचं कसं ते शिकलो नाही."

मला वाटलं होतं ते चिडतील. चिडले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी माझ्यासमोरच मुंबईला फोन लावला आणि येऊ शकत नाही म्हणून कळवलं. कारण विचारलं असावं. सर म्हणाले, "नमुने धुतलेले होते." फोन ठेवल्यावर बूट काढून जुन्या चपला घातल्या, आणि मला म्हणाले, "दाढ दुखत नाही ना? मग रडतेस कशाला? निवृत्तीला अजून दीड महिना आहे."

महिनाभर काढा पुन्हा सुरू झाला. शेवटच्या नमुन्यांच्या दिवशी सर पहिल्या एसटीनं आले. मी थांब्यावर न्यायला गेले तर ओळखू येईनात. केस उभे, दाढी वाढलेली, डोळ्यांत पिचडं, चुरगळलेला सदरा. नेहमी इस्त्रीशिवाय घराबाहेर न पडणारा माणूस. पायांत मात्र ते मुंबईचे बूट होते, आणि चिखलात बरबटलेले.

आमच्या अंगणात खालच्या आळीच्या सगळ्या बायका जमल्या होत्या. मी त्यांना काहीच बजावलं नव्हतं. बजावायचं नाही असं सरांनीच सांगितलं होतं. सर ओट्यावर बसले आणि म्हणाले, "तायांनो, आज मी तोंड न धुता आलोय. काल रात्री जेवलो ते तसंच आहे. चहासुद्धा नाही. वास येतोय? मलाही येतोय." बायका एकमेकींकडे बघू लागल्या. सरांनी माझ्या हातात काडी दिली. "आधी माझा घे," म्हणाले, आणि सगळ्यांसमोर आ केला.

आपल्या गुरूच्या तोंडात कापूस फिरवायचा, तोही गावासमोर. सरांच्या तोंडात मागच्या दोन दाढा नव्हत्या. एक दात अर्धा तुटलेला होता. गावभर लोकांच्या दाढांची चौकशी करणाऱ्या माणसाला स्वतःच्या दाढांना वेळ मिळाला नव्हता. वास खरंच येत होता. मी काडी नळीत घातली आणि नळीवर त्यांचं नाव लिहिलं.

मग आई पुढे आली. ती म्हणाली, "मी तोंड धुतलंय. सवय हाय, काय करू. उद्याच्याला न धुता येते." ती असं म्हणाली तशा आणखी सहा-सात जणी म्हणाल्या, आमीबी धुतलंय. सर इतके खूष झाले, जणू निकालच लागला. "उद्या पुन्हा येतो," म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं, पुन्हा तोंड न धुता, आले. त्या दिवशी आईनं पदर बाजूला केला आणि उघड्या अंगणात, उजेडाकडे तोंड करून आ केला.

निकाल? काढ्यानं थोडा फरक पडला होता, रंगाच्या पाण्यापेक्षा जरासा बरा. सर बशी उजेडात धरून म्हणाले, "अंगण नाही गं. उंबरा आहे. पण खरा आहे." निरोप समारंभाला त्यांनी भाषण केलंच नाही, हाच निबंध वाचला. शाल खांद्यावर, नारळ टेबलावर, समोर समोसे खाणारे प्राध्यापक. कुणाचंही लक्ष नव्हतं. शेवटी त्यांनी खालच्या आळीतल्या बायकांचे आभार मानले, "त्यांनी मला खरं सांगितलं, आधी नाही, पण नंतर सांगितलं," असं म्हणून. मागच्या रांगेत माझी आई बसली होती, तिला मी मुद्दाम नेलं होतं. एवढ्या सगळ्यात टाळी तिनं एकटीनं वाजवली.

आता मी माणगावला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. दिवसभर लोकांचं रक्त आणि लघवी. नावडता रिपोर्ट आला की सगळे पुन्हा तपासतात, आवडता आला की मी तपासते, म्हणून लॅबमधले मला चक्रम म्हणतात. सरांना सणावारी फोन करत असे. गेल्या महिन्यात काकूंचा फोन आला. सरांना अर्धांगाचा झटका आला होता. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळतं.

मी चौलला त्यांच्या घरी गेले. सर खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजलेले, तोंडावर नॅपकिन. "सर, मी आलेय," म्हटलं. वळले नाहीत. नॅपकिन डाव्या हातानं आणखी घट्ट धरला. काकूंनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि हळू आवाजात सांगितलं, "कुणालाच तोंड दाखवत नाहीत. लाळ गळते ना, लाज वाटते त्यांना. मला ब्रश करू देत नाहीत, तोंडच उघडत नाहीत. घास राहतात आत. डॉक्टर म्हणतात तोंड स्वच्छ ठेवलं नाही तर ती घाण छातीत उतरेल, आणि आता न्यूमोनिया झाला तर काही खरं नाही." तीस वर्षं ज्यांनी मंडळींचा अभ्यास केला त्यांना हे माहीत नव्हतं असं कसं म्हणू? आम्हाला त्यांनीच शिकवलं होतं. मी परत खोलीत गेले, काहीबाही बोलले, आणि डोळे पुसत निघाले. ते शेवटपर्यंत वळले नाहीत.

रात्री आईकडे राहिले. सकाळी अंधारातच उठले. आईनं गरम पाणी काढून ठेवलं होतं. मी म्हटलं, नको. तिनं माझ्याकडे बघितलं आणि तांब्या उचलून नेला.

पहिल्या एसटीनं चौलला उतरले. काकूंनी दार उघडलं, माझे न विंचरलेले केस बघून दचकल्या. मी सरळ खाटेपाशी जाऊन स्टुलावर बसले.

"सर, मी तोंड न धुता आलेय."

नॅपकिन हलला नाही.

"चूळसुद्धा भरलेली नाही. काल रात्री सुकट खाल्ली, ती तशीच आहे. वास येतोय? मलाही येतोय."

नॅपकिन थरथरायला लागला. मला वाटलं रडतायत. मग ते हळूहळू माझ्याकडे वळले आणि त्यांचे डोळे दिसले. हसत होते. डाव्या हातानं त्यांनी खिडकीतली बॅटरी दाखवली. मी ती त्यांच्या हातात दिली. नॅपकिनच्या आतून एकेक अक्षर ओढत ते म्हणाले, "आ...धी... कंट्रोल."

मी आ केला. त्यांचा डावा हात कापत होता, उजेड नाकावर गेला, डोळ्यावर गेला, मग तोंडात आला.

"खा...लची... डावी."

कॉलेजात भरलेली ती दाढ. त्यातलं सिमेंट दोन महिन्यांपूर्वी पडलं होतं आणि मला जायला वेळ झाला नव्हता.

"या आठवड्यात भरून घेते सर," मी म्हटलं.

काकू वाटीत कोमट पाणी घेऊन दारात उभ्या होत्या. मी बोटाला स्वच्छ फडकं गुंडाळलं आणि थांबले. सरांनी बॅटरी विझवून उशाशी ठेवली. मग नॅपकिन बाजूला ठेवला आणि उजेडाकडे वळून तोंड उघडलं.